पातेल्यातला रंग



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाने एक खटाटोप केला. आमच्या माणदेशात मेंढरं पुष्कळ, पण लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशापेक्षा जास्त होते, म्हणून कितीतरी जण कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात. आम्ही म्हटलं, त्यातली पांढरी लोकर निवडू, टकळीवर सूत काढू, रंगवू, आणि त्याची छोटी आसनं आणि पिशव्या करून जत्रेत मांडू. काळ्या लोकरीवर रंग दिसत नाही, पांढरीवर दिसतो. रंग कुठून आणायचा, हा प्रश्नच नव्हता. आठवडी बाजारात सुट्या पुड्या मिळतात. गुलाबी, हिरवा, निळा. दहा रुपयांना पुडी. पुडीवर ना नाव, ना पत्ता.

शाळेला सुट्टी होती, त्यामुळे लेकरं भोवतीच. गुलाबी पातेल्यात गटातल्या एका ताईंच्या सहा वर्षांच्या लेकीने कोपरापर्यंत हात घातले. आम्ही सगळ्याजणी हसलो, फोटोसुद्धा काढला. तिसऱ्या दिवशी तिच्या मनगटावर पुरळ उठलं. खाजवून खाजवून तिने हात लाल केले. मूळचे ते गुलाबी होतेच. दवाखान्यात डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, "रंगात काय होतं?"

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. वहीत दहा रुपयांचाही हिशेब लिहिणाऱ्या बायका आम्ही, पण पातेल्यात काय घातलं हे आम्हाला सांगता येईना. पुरळ रंगानेच उठलं की आणखी कशाने, हेही डॉक्टरांना मग नक्की सांगता आलं नाही. वर आणखी एक गोष्ट. ते पातेलं घासून आम्ही त्यात दुसऱ्या दिवशी भात लावला होता.

पोरगी आठ-दहा दिवसांत बरी झाली. आमच्या रंगकामाचं मात्र भिजत घोंगडं पडलं. पण डॉक्टरांचा प्रश्न डोक्यातून जाईना. आमच्यापैकी जिने हे भाषण लिहून काढलं, तिचा बी. ए. ला इतिहास होता. पुस्तकात चंपारण होतं, नीळ होती. पण रंगाचं पातेलं कुणाच्या चुलीवर होतं आणि ते तिथून उतरलं कसं, हे कुठंच नव्हतं. म्हणून आम्ही वाचनालयातून पुस्तकं आणली, म्हाताऱ्या माणसांना विचारलं. त्यातून हाती आलं ते आज सांगतो.

आधी आपल्या घोंगडीपासून. घोंगडीला रंगाची गरजच नव्हती. दख्खनी मेंढी बहुतेक काळी, तिची लोकर जाड आणि राठ. धनगराच्या बायकांनी टकळीवर सूत काढायचं, सणगराने मागावर विणायचं, चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ सुताला लावायची. काळं अंग मेंढीचं, पांढरी किनारही मेंढीचीच. पाऊस, थंडी, खंडोबाचं जागरण, बाळंतिणीचं अंथरूण, सगळीकडे तीच. आमच्या गटातल्या एका आजींना आम्ही विचारलं, "तुमच्या वेळी लोकर रंगवत होते का?" त्या म्हणाल्या, "देवानं रंगवून दिलेली आणखी कशाला रंगवायची?"

पण लोकर रंगवण्याची विद्या जगात फार जुनी आहे. सायबेरियातल्या अल्ताई डोंगरात, पझिरिक नावाच्या ठिकाणी, १९४९ साली बर्फात गोठलेल्या एका थडग्यातून लोकरीचा गालिचा निघाला. सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा. त्यावर हरणं आहेत, घोडेस्वार आहेत, आणि त्याचा लाल रंग आजही लाल आहे. आपल्याकडे तर त्याहून जुना पुरावा आहे, पण तो सुती कापडाचा. मोहेंजोदडोला चांदीच्या एका भांड्याला चिकटून कापडाचा तुकडा राहिला होता, तो मंजिष्ठेच्या जातीच्या मुळाने लाल रंगवलेला निघाला. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सुती कापडावर रंग बसवणं अवघड, लोकरीवर त्या मानाने सोपं. कारण लोकर म्हणजे केस. आजीच्या पांढऱ्या केसांना मेंदी लावली की कशी चढते, आणि तीच मेंदी पदराला लागली तर धुऊन धुऊन फिकी पडत जाते. तरीही बरेचसे रंग लोकरीवर नुसते टिकत नाहीत. रंगाला आणि लोकरीला बांधून ठेवणारं तिसरं कुणीतरी लागतं. ते काम तुरटी करते. गढूळ पाण्यात फिरवायचा आणि दाढी झाली की गालाला लावायचा तोच खडा. आपल्या देशातल्या रंगाऱ्यांचं जगभर नाव झालं ते नुसत्या झाडपाल्यामुळे नाही. कोणत्या रंगाला काय लावून आधी बांधायचं, हे त्यांना कळत होतं म्हणून झालं.

आपल्या भागात रंगारी होते, निळीचं काम करणारे निळारी होते. आता ती नुसती आडनावं राहिली आहेत. धंद्याचे रंग ते करत, पण रंगाचं साहित्य घराघरातलंच होतं. करडईच घ्या. आज आपण करडई तेलासाठी आणि कोवळ्या भाजीसाठी लावतो. पूर्वी तिच्या पाकळ्यांना मोल होतं, कारण कुसुंबी रंग त्यांच्यातून निघायचा. पाकळ्या धुऊन आधी पिवळं पाणी काढून टाकायचं, मग पापडखारासारख्या खारात त्या मळून लाल रंग सोडवायचा, आणि लिंबाच्या आंबटाने तो सुती किंवा रेशमी कापडावर बसवायचा. खार आणि आंबट, दोन्ही फडताळातली. हळदीचं कुंकू करायचं तेही याच जातीचं ज्ञान. आपल्या भाषेत तर रंगांची नावं अजून स्वयंपाकघरातच राहतात: हळदी, डाळिंबी, आमसुली, लिंबू, वांगी. दुकानात साडी मागताना आपण तीच नावं घेतो, साडीत मात्र यातलं काहीच नसतं.

हे बदललं कधी, त्याची तारीख सांगता येते. १८५६ साल. लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा घरच्या छोट्या प्रयोगशाळेत हिवतापावरचं औषध, क्विनाईन, बनवायला बसला होता. इंग्रजांना क्विनाईन हवंच होतं, हिंदुस्थानात त्यांची माणसं हिवतापाने मरत होती. कोळशाच्या डांबरातून काढलेल्या द्रव्यावर तो प्रयोग करत होता. औषध झालं नाही. भांड्याच्या तळाशी काळा चोथा उरला. तो धुताना जांभळा रंग निघाला, आणि रेशमावर चढला. पुढच्या काही वर्षांत असे कितीतरी रंग आले. भडक गुलाबी आला, त्याला मॅजेंटा म्हणू लागले. १८६९ मध्ये मंजिष्ठेतला लाल रंग कारखान्याच्या रसायनातून तयार करता आला, आणि मंजिष्ठेची शेती उठली. १८९७ पासून जर्मनीतली बीएएसएफ कंपनी नीळ विकू लागली, जिच्यात निळीचं पानसुद्धा नव्हतं.

आता आम्ही पूर्वीचं सगळं चांगलं आणि नवं सगळं वाईट असं म्हणणार, असं वाटत असेल तर तसं नाही. झाडाचा रंग म्हणजे माणसांना सुखाचा, असं मुळीच नव्हतं. बंगालात शेतकऱ्यांना जबरदस्तीने नीळ लावायला लावत, म्हणून १८५९-६० मध्ये त्यांनी बंड केलं. बिहारात चंपारणला वीस कठ्ठ्यांतले तीन कठ्ठे मळेवाल्या साहेबासाठी निळीत घालायची सक्ती होती, आणि १९१७ साली गांधीजी तिथे गेले ते त्यासाठी. तो रंग पानातूनच निघत होता. तो किती शुद्ध, हे त्या शेतकऱ्याच्या बायकोला विचारायला हवं होतं.

आणि पुडीचा रंग बायकांनी घेतला तो काही भुलून नाही. डोंगरातून मुळं खणून आणायची, वाळवायची, कुटायची, तासन् तास जाळ घालायचा, पाणी शेंदायचं. त्याऐवजी पैशाची पुडी आणि गरम पाणी. कोण नाही म्हणेल? बेळगावात जन्मलेले जॉर्ज बर्डवुड नावाचे साहेब होते. त्यांनी १८८० साली हिंदुस्थानच्या कारागिरीवर मोठं पुस्तक लिहिलं, आणि या नव्या भडक रंगांवर आणि तुरुंगात विणलेल्या गालिच्यांवर सडकून टीका केली. त्यांचं खोटं नव्हतं. पण सरपण त्यांना आणायचं नव्हतं, हेही खरं.

इराणात तर सरकारलाच मध्ये पडावं लागलं. तिथले लोकरीचे गालिचे जगात विकले जात. सुरुवातीचे पुडीचे रंग उन्हाने विटायचे, पाण्याने फुटायचे, आणि गालिच्यांचं नाव खराब व्हायला लागलं. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहाने त्या रंगांच्या आयातीवर बंदी घातली. बंदी घालून पुड्या काही पुरत्या थांबल्या नाहीत.

रंग विटतो हे डोळ्यांना दिसतं. दुसरी गोष्ट दिसायला वेळ लागला. १८९५ साली जर्मनीतल्या लुडविग रेन नावाच्या शस्त्रवैद्यांनी सांगितलं की, गुलाबी मॅजेंटाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसांना मूत्राशयात गाठी होत आहेत. हे वाचलं तेव्हा आमच्या पातेल्यातला गुलाबी रंग डोळ्यांपुढे आला. भीती घालायची नाही, म्हणून नीट सांगतो: ती माणसं तो रंग बनवणारी होती, रोज त्याच्या वाफेत आणि भुकटीत उभी राहणारी. एकदा हात बुडवलेल्या पोरीची आणि त्यांची गोष्ट एक नाही. पण पुढे शंभर वर्षांनी, अंगाला लागून घातक द्रव्य सोडणाऱ्या अझो जातीच्या कित्येक रंगांवर आधी जर्मनीने आणि १९९७ मध्ये आपल्या सरकारनेही बंदी घातली. आज नावाजलेल्या कंपनीचा, नाव-पत्ता असलेला रंग तपासलेला असतो. आमची पुडी बिननावाची होती. ती त्या बंदीच्या यादीतली होती की साधी होती, हे कळायला काही मार्गच नव्हता, कारण आम्ही ती कागदासकट चुलीत घातली होती.

आता तुर्कस्तानची गोष्ट सांगतो, आमच्या गटाला ही सगळ्यात जवळची वाटली. पश्चिम तुर्कस्तानात आयवाजिक नावाचा तालुका आहे. तिथे खेड्यांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या लोकरीचे गालिचे विणतात. शंभर वर्षांत पुडीचे रंग आले, आणि जुनी रीत इतकी विसरली गेली की गालिचात दिसणारा आजीचा लाल रंग कशाचा, ते नातीला ठाऊक नव्हतं. हॅराल्ड ब्योमर नावाचे जर्मन शिक्षक तिथे राहत होते, रसायनशास्त्राचे. त्यांनी जुन्या गालिच्यांचे धागे तपासून रंग कोणत्या झाडाचा ते शोधलं. ती झाडं कुठे होती? त्याच गावांच्या डोंगरांवर. मंजिष्ठेच्या जातीची वेल कुंपणाला लागलेली होती. १९८१ मध्ये इस्तंबूलच्या एका विद्यापीठाच्या मदतीने काम सुरू झालं, गावकऱ्यांची सहकारी संस्था झाली. पुढे युंतदाग भागात दुसरी संस्था झाली, ती बायकांची. विणणारीच सभासद, विणणारीच मालक. त्यांच्याकडेही लोकर बांधायला आपलीच तुरटी.

त्यांच्या कामातलं आम्हाला आवडलं ते हे, की आजीला येत होतं आणि नातीला येत नव्हतं, हे त्यांनी लपवलं नाही. आम्हीही मग लेकरांना बरोबर घेऊन पहिल्यापासून सुरू केलं. काय घडलं ते सांगतो.

पहिला नियम ठरवला: पातेलं वेगळं. घरातलं जुनं स्टीलचं एक पातेलं आणि एक काठी रंगाला देऊन टाकली, त्यावर तेलरंगाने फुली मारली. साहित्य खाण्याचं असलं तरी रंगाचं पाणी खाण्याचं नाही. तुरटी पोटात जाण्याची वस्तू नाही. जाळ मोठ्यांचा, बाकी सगळं लेकरांचं. सालं गोळा करणं, तागडीत तोलणं, वहीत लिहिणं, सूत ओलं करणं, गार पाण्यात खळबळणं.

एक धोका इथेच सांगून ठेवतो. रंगाच्या जुन्या पुस्तकांत मोरचूद घालायला सांगतात, त्याने हिरवट छटा येते. डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागा असलेल्या घरी मोरचूद असतंच, बोर्डो मिश्रणासाठी. ते विष आहे. लेकरं असताना ते चुलीजवळसुद्धा आणायचं नाही. औषधाचा किंवा खताचा रिकामा डबाही रंगाला वापरायचा नाही, कितीही धुतला असला तरी.

सूत रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून, न चोळता धुतलं. लोकरीला घाई चालत नाही. गरम पाण्यातून एकदम गारात टाकली किंवा चोळली की ती आटते आणि नमद्यासारखी गच्च होते. आमची पहिली लड अशीच गेली. ती आता एका ताईंच्या घरी गरम भांडं उतरवायला वापरतात.

१०० ग्रॅम सुक्या सुताला १० ग्रॅम तुरटी. कोमट पाण्यात विरघळवून त्यात ओलं सूत सोडलं, मंद जाळावर वाफ निघेपर्यंत आणलं, उकळू दिलं नाही. तासभर तसंच ठेवून रात्रभर त्याच पाण्यात मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी १०० ग्रॅम कांद्याची सालं तासभर उकळून, गाळून, निवू दिली. मग सूत घालून पुन्हा मंद जाळ, आणि पातेल्यातच गार होऊ दिलं. लेकरांना वाटलं होतं, कांदा लाल म्हणजे सूत लाल होणार. निघालं सोनेरी, पिकल्या आंब्याच्या सालीसारखं. त्या सहा वर्षांच्या मुलीने लड वर उचलली तेव्हा तिच्या हाताला काहीच लागलं नव्हतं. तिने दोन्ही तळवे उलटेपालटे करून आईला दाखवले.

हळद सगळ्यात गमतीची. तुरटीशिवायही चढते. पिवळ्या धाग्यावर साबणाचं पाणी टाकलं की तो लालसर होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा. लेकरांनी हा खेळ दुपारभर केला, आणि मग त्यांना कळलं की हळदीच्या डागाला साबण लावल्यावर आईच्या पदरावर लाल का उमटतं. पण हळद प्रामाणिक नाही. महिनाभर खिडकीत टांगलेली लड उन्हाने पार उडाली. बीट तर त्याहून लबाड. पातेल्यात इतका सुंदर दिसतो, आणि दोन धुण्यांत पळून जातो. विकायच्या मालाला या दोन्ही वापरायच्या नाहीत असं ठरलं, खेळायला चालतील. चहाच्या चोथ्याने बदामी रंग आला. डाळिंबाच्या सालीने हिरवट पिवळा आला. त्याच सालीचं पाणी एकीने चुकून लोखंडी कढईत उकळलं, तर सूत राखाडी-काळं झालं. आजी म्हणाल्या, "घ्या, फिरून घोंगडीवर आलात." आणि ती चूकच आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली, कारण आटपाडी-सांगोल्याकडे डाळिंबाला तोटा नाही, फोडलेल्या फळांची सालं उकिरड्यावर जातात.

बाजारातल्या गुलाबीसारखा रंग आम्हाला जमलेला नाही. लाखेतून किंवा मंजिष्ठेतून तसा जवळचा येईल, पण दोन्ही विकत आणावी लागतात, आणि ती परवडतात का याचा हिशेब अजून व्हायचा आहे. जत्रेत गिऱ्हाईक गुलाबीच मागतं, हेही खरं. मागच्या जत्रेत आमची नऊ आसनं गेली, चार परत आली. चारही राखाडी होती. एका बाईंनी मात्र आसन हातात धरून तोच प्रश्न विचारला, "रंगात काय आहे?" या वेळी उत्तर लेकरांनीच दिलं, दोघांतिघांनी एकदम, आणि तुरटीचं वजनसुद्धा सांगितलं.

आता वहीतलं काम सांगून थांबतो. येत्या शुक्रवारी बैठकीला येताना प्रत्येकीने कांद्याची कोरडी सालं आणायची, ओली नकोत, कुजतात. लग्नाच्या आचाऱ्याकडे कुणाची ओळख असेल तर पोतंभर मिळतील. पांढरी लोकर ज्यांच्या घरी निघेल त्यांनी ती बांधावर टाकायच्या आधी आमच्याकडे निरोप द्या. आणि लेकरांना घेऊन या, तागडीवर बसायला माणसं कमी पडतात.